व्यसनातून बाहेर आलेल्या बालकलाकाराने लगेच समुपदेशक व्हावे का?

लातूर जिल्ह्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा धाकटा भाऊ नवव्या वर्षी बालनाट्य स्पर्धेतून निवडला जाऊन मुंबईला एका मालिकेत गेला, तीनेक वर्षे घराघरांत दिसला, आणि आवाज फुटल्यावर भूमिका संपली तेव्हा गावी परतला. पुढे छत्रपती संभाजीनगरला महाविद्यालयात असताना दारू सुरू झाली आणि तिच्या जोडीला झोपेच्या गोळ्या आल्या, ज्यांना तिकडे सगळे ‘बटण’ म्हणतात. आता तो २५ वर्षांचा आहे. दुसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून चार महिन्यांपूर्वी घरी आला आहे आणि अजून टिकून आहे. त्याच केंद्राच्या संचालकांनी त्याला समुपदेशक म्हणून राहायला बोलावले आहे. शिवाय २६ जूनच्या अमली पदार्थ विरोधी दिनाच्या निमित्ताने महाविद्यालयांत त्याची व्याख्याने ठेवायची आणि त्याच्यावर एक चित्रफीत करायची, असेही घाटते आहे. आईला आनंद झाला आहे, वडील गप्प आहेत, भाऊ हुरळून गेला आहे, आणि ताई विचारतात की त्याला जाऊ द्यावे का.

ताई, हा प्रश्न वरवर नोकरीचा दिसतो, पण तुमच्या भावापुढे आलेल्या प्रस्तावात दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलेली आहे. एक म्हणजे व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसांबरोबर काम करणे. दुसरी म्हणजे ‘मालिकेतला तो छोटा आठवतो का, बघा कुठे पडला होता आणि कसा उठला’ असे म्हणवून घेत लोकांसमोर उभे राहणे. पहिली गोष्ट त्याला पुढे खरोखर जमू शकेल आणि तिच्यावर त्याचे आयुष्यही उभे राहू शकेल. दुसरी गोष्ट चौथ्या महिन्यात त्याच्या जिवाला धोक्याची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता आल्या तर पहिलीसाठी हळूहळू तयारी करता येईल. त्या सोडवायला संचालक तयार नसतील तर सध्या नकार द्यावा.

मी मराठवाड्यात याच क्षेत्रात मनोविकार सामाजिक कार्यकर्ता म्हणून बरीच वर्षे काम करतो, तरी तुमच्या भावाला मी पाहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. तो केंद्रात स्वतःहून गेला की घरच्यांनी नेऊन सोडला, गोळ्या किती आणि किती काळ चालल्या होत्या, उदासीचा किंवा झोपेचा वेगळा आजार आधीपासून आहे का, केंद्र नोंदणीकृत आहे की नुसता बोर्ड लावलेला आहे, आणि गावात त्याला दिवसभर करण्यासारखे काही आहे का, या प्रत्येक उत्तराने सल्ला थोडा इकडे-तिकडे होईल. विशेषतः घरी दिवसभर माजघरात पडून राहणे आणि केंद्रात जाऊन चार माणसांत वावरणे एवढे दोनच पर्याय असतील, तर मी दुसऱ्याला सरसकट नाही म्हणणार नाही. मात्र तेव्हाही ‘समुपदेशक’ ही पाटी आणि ती चित्रफीत नकोच.

आधी शरीराचे बोलू, कारण भाषणांच्या गडबडीत तेच मागे पडते. दारू एकदम थांबवल्यावर येणारे झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात आणि भ्रमिष्टपणा, म्हणजे नसलेली माणसे दिसणे, हातपाय कापणे, घाम, ओळख न पटणे, हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. तो टप्पा तुमच्या भावाने केव्हाच ओलांडला आहे. ‘बटण’ म्हणून जे विकले जाते त्या बहुतेक नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम जातीच्या गोळ्या असतात, आणि त्यांचा हिशेब निराळा असतो. त्या सुटल्यानंतर झोप मोडणे, कारण नसताना छातीत धडधडणे, बारीकशा आवाजाने दचकणे आणि चारचौघांत जीव घाबरा होणे हे काही जणांत कित्येक महिने रेंगाळते. ज्याला अजून सलग झोप लागत नाही त्याला पाचशे विद्यार्थ्यांसमोर उभे करणे म्हणजे काय, याचा विचार करा. म्हणून संचालकांना उत्तर देण्याआधी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेऊन आणा. लातूर, अंबाजोगाई, नांदेड आणि संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आहेत आणि तिथला खर्च झेपणारा असतो. केंद्रातून बाहेर पडताना दिलेली औषधे संपली की पुन्हा कोणाकडे जायचेच नाही, हे आमच्या भागात फार होते. ‘आता गोळीच नको’ असे घरचेही म्हणतात, कारण गोळीनेच घात केला होता. पण तल्लफ कमी करणारी किंवा उदासीवरची औषधे ही ‘बटण’ नव्हेत, आणि ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बालपणी अभिनय केला म्हणून व्यसन लागले, असे मी म्हणणार नाही. लहानपणी काम करून पुढे सुखाने शिकलेली, नोकरी-संसार करणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शाळेच्या स्नेहसंमेलनापलीकडे रंगमंच पाहिलेला नसतो. आमच्याकडे मालिकेतले कलाकार येतात तेही थोडेच. त्यापेक्षा सातव्या-आठव्या वर्षी गावोगावचे सप्ताह गाजवलेले बालकीर्तनकार, पोवाडे म्हणणारी मुले, दूरचित्रवाणीच्या गाण्याच्या स्पर्धेत जाऊन आलेली मुले मी जास्त पाहिली आहेत. यांच्या व्यसनाचे कारण एकच नसते, पण सुटण्याच्या वाटेवर मात्र एक अडचण या सगळ्यांत सारखी दिसते. त्यांना लोकांनी आधी ओळखलेले असते आणि त्यांनी स्वतःला नंतर. पुढे आवाज फुटतो, मिसरूड येते, उंची वाढते आणि ज्या गोष्टीसाठी कौतुक होत होते तीच निघून जाते. यात त्या मुलाचा काही दोष नसतो. तो फक्त वाढलेला असतो. गावात परतल्यावर मात्र पानटपरीवर, बसस्थानकावर, लग्नाच्या पंगतीत लोक त्याला भूमिकेच्याच नावाने हाक मारतात, तो गाजलेला संवाद म्हणून दाखव म्हणतात, आणि म्हणून दाखवला की ‘आता काय करतोस’ असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर नसणे किती जड असते, हे तुमच्या भावाला विचारा. दारूच्या बैठकीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे जुनी ओळख चालते आणि पुरते.

अशा मुलाला उपचारानंतर कोणी सांगितले की तुझी कहाणी ऐकायला लोक जमतील, तर त्याला काय वाटेल? त्याला वाटेल की आपली जागा परत मिळाली. टाळ्या येतील, नाव छापून येईल, सेल्फी निघतील. पण त्या टाळ्या व्यसन सुटल्याबद्दल असल्या तरी मागणी पुन्हा एका भूमिकेचीच असते. या खेपेला भूमिका ‘सुधारलेल्या मुलाची’. आणि या भूमिकेची अडचण अशी, की तिच्यात वाईट दिवसाला जागा नसते. साध्या माणसाला आज तल्लफ आली तर तो स्वमदत गटात येऊन सांगू शकतो, स्पॉन्सरला, म्हणजे गटातल्या आधाराच्या जुन्या सभासदाला, फोन करू शकतो. ज्याचा फोटो बॅनरवर आहे तो मात्र ‘आज मला फार पिऊशी वाटतंय’ हे कोणाला सांगणार? तो लपवायला शिकतो. लपवण्याची सवय तर व्यसनात असताना लागलेलीच असते, तिला फक्त नवे कारण मिळते. हुरड्यात आलेली ज्वारी खायला गोड लागते, पण बियाण्याला ठेवता येत नाही. चौथ्या महिन्यातला उत्साह मला नेहमी तसा वाटतो. तो खोटा नसतो, कच्चा असतो.

हे मी अंदाजाने बोलत नाही, याची साक्ष देणारी दोन माणसे सार्वजनिक जीवनातली आहेत. अमेरिकी अभिनेत्री जोडी स्वीटिन १९८७ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, एका कौटुंबिक मालिकेत आली आणि ती मालिका १९९५ साली संपली तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. पुढे दारू, मग मेथ हा तीव्र अमली पदार्थ, मग उपचार. त्यानंतर ती महाविद्यालयांत जाऊन व्यसनमुक्तीवर व्याख्याने देऊ लागली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तिने स्वतःच लिहिले आहे की यातल्या एका व्याख्यानाच्या आदल्या रात्री ती कोकेन घेत होती, आणि दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर आपण व्यसनमुक्त असल्याचे सांगत होती. हे तिने स्वतः कबूल केले म्हणून आपल्याला कळले. दुसरे उदाहरण मॅकेन्झी फिलिप्स हिचे. ती १९७५ साली सुरू झालेल्या मालिकेतून किशोरवयात घराघरांत पोचली आणि अमली पदार्थांमुळे १९८० साली त्या मालिकेतून काढली गेली. तिने आणि तिच्या गायक वडिलांनी त्याच सुमारास उपचार घेतले आणि लगेच मुलाखतींतून आपल्या सुटकेची कहाणी सांगायलाही सुरुवात केली. मालिकेत तिला परत घेतले गेले, पण व्यसन पुन्हा उसळले आणि ते काम तिने दुसऱ्यांदा गमावले. २००८ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर तिला अमली पदार्थांसह अटकही झाली.

पण या दोघींची गोष्ट इथे संपत नाही, आणि तुमच्या भावाच्या दृष्टीने पुढचा भागच महत्त्वाचा आहे. स्वीटिनने नंतर व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि उपचार केंद्रात काम केले. फिलिप्सही पुढे लॉस एंजेलिसमधल्या एका उपचार केंद्रात समुपदेशक झाली. म्हणजे काम दोघींनाही जमले. ते व्याख्यानांच्या आणि मुलाखतींच्या दिवसांत टिकले नाही. नंतर, शिक्षण घेऊन आणि एखाद्या संस्थेत इतरांसारखे काम करायला लागल्यावर उभे राहिले. तुमच्या भावाला ही उदाहरणे दाखवताना दुसरा भाग आवर्जून सांगा, नाहीतर त्याला वाटेल की ताई मला घाबरवते आहे.

तो कदाचित म्हणेल की अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेच्या बारा पायऱ्यांतच दुसऱ्यांपर्यंत संदेश नेण्याची पायरी आहे. आहे, पण ती बारावी आहे, आणि तिच्या आधीच्या अकरा पायऱ्या स्वतःकडे पाहण्याच्या आहेत. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे एका शेअर दलालाने आणि एका शल्यचिकित्सकाने ही संघटना सुरू केली, तेव्हापासून तिथली मदत एका माणसाने दुसऱ्या माणसाला केलेली मदत आहे: मीटिंगला सोबत जाणे, सतरंज्या अंथरणे, चहा करणे, नव्याने आलेल्याच्या शेजारी बसून राहणे. उलट वर्तमानपत्रे, रेडिओ आणि चित्रपट या पातळीवर सभासदाने आपली ओळख उघड करू नये, असे त्यांच्या बारा परंपरांपैकी अकरावी परंपरा सांगते. या परंपरा १९५० साली स्वीकारल्या गेल्या. यामागे भिडस्तपणा नाही, अनुभव आहे. नावाजलेला माणूस जाहीरपणे सुटला आणि जाहीरपणे पुन्हा प्यायला, तर त्याचे एकट्याचे नुकसान होत नाही. ‘याचेच जमले नाही तर आपले काय जमणार’ म्हणून शेजारच्या गावातला एखादा उपचाराला यायचाच थांबतो. मीटिंगमध्ये तुमच्या भावाला मालिकेतला छोटा म्हणून कोणी ओळखले, तरी तिथे तो पहिल्या नावाने बोलतो आणि शेजारच्या ट्रक ड्रायव्हरइतकाच वेळ त्याला मिळतो. त्याच्यासारख्याला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. तुमच्या तालुक्यात मीटिंग नसेल तर आठवड्यातून एकदा लातूरला जाण्याचा प्रवासही करण्यासारखा आहे.

चित्रफितीबद्दल कायदा काय म्हणतो, तेही संचालकांना माहीत असायला हवे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात, आणि त्याच्या कलम २४ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा तिच्याविषयीची माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. तुम्ही म्हणाल की भाऊ संमती द्यायला एका पायावर तयार आहे. खरे आहे, म्हणूनच मी थांबायला सांगतो. ज्यांनी आपल्याला मरणातून काढले अशी त्याची भावना आहे, त्यांनीच हातात कागद दिल्यावर तो नाही कसा म्हणेल? शिवाय एकदा मोबाइलवर फिरू लागलेली चित्रफीत परत घेता येत नाही. पाच वर्षांनी लग्न ठरताना, कर्ज काढताना, नोकरीला लागताना ती समोर येईल. तेव्हाही त्याला ती दाखवावीशी वाटली तर त्या वेळी करता येईल. केंद्राची जाहिरात हा संचालकांचा प्रश्न आहे, आणि आपल्या भागात केंद्रांची तोंडातोंडी होणारी जाहिरात मुळीच कमी नाही, असे मी थोड्या खवचटपणाने म्हणतो.

आता कामाविषयी, कारण ते काम खरे आहे आणि माणसांची टंचाईही खरी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी साधारण एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. अशा ठिकाणी स्वतः त्या वाटेने गेलेला माणूस मोलाचा असतो. नव्याने आलेला रुग्ण डॉक्टरांशी खोटे बोलतो, माझ्याशी अर्धे खोटे बोलतो, पण बाहेर पडून दोन-तीन वर्षे झालेल्या माणसासमोर त्याचे फार चालत नाही. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केले. तिथले अनेक कार्यकर्ते स्वतः व्यसनातून आलेले आहेत. सरकारी अनुदानावरच्या केंद्रांतही अशा माणसांसाठी ‘पिअर एज्युकेटर’ म्हणून पद असते. फरक इतकाच, की समुपदेशन ही वेगळी विद्या आहे आणि ती स्वतःच्या अनुभवातून आपोआप येत नाही. स्वतः पोहून बाहेर आलेला दुसऱ्यालाही त्याच जागी उडी मारायला सांगतो; प्रत्येकाची कारणे, आजार आणि घर वेगळे असते हे शिकावे लागते.

मी स्वतः सलग दोन वर्षे कोरडी गेल्याशिवाय कोणाला समुपदेशनाच्या खुर्चीवर बसवत नाही. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, कायद्याचा नाही; कोणी दीड वर्षावर तयार असतो, कोणी चारवरही नसतो. त्या आधी तुमच्या भावाने केंद्राशी संबंध तोडावा असे माझे म्हणणे नाही. आठवड्यातून एक दिवस ठरलेल्या वेळी जाऊन बागेत, स्वयंपाकघरात, खेळाच्या तासाला मदत करून संध्याकाळी घरी यावे. मुक्कामाला राहू नये, कारण केंद्रात राहणारा कार्यकर्ता वर्षभराने बाहेरच्या जगात वावरायलाच विसरतो. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, मित्राचा वाढदिवस यांतून न पिता जाण्याचा सराव आत बसून होत नाही. रात्रपाळी एकट्यावर नको. आणि औषधांच्या कपाटाची किल्ली तर मुळीच नको. दारू सोडवताना पहिल्या आठवड्यात डायझेपाम, लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड हीच औषधे वापरतात, आणि ती त्याच्या ‘बटणा’ची सख्खी भावंडे आहेत. मनुष्यबळ कमी असले की गोळ्या वाटायचे काम अशाच मुलाकडे येते. संचालकांना हे पहिल्याच भेटीत विचारा. त्यांच्या उत्तरावरून केंद्र कसे चालते तेही कळेल.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत येत नाही. या कामात माणसे दगावतात. ज्याच्यासोबत महिनाभर जेवला तो बाहेर पडून पुन्हा पितो, एखादा परत येतच नाही, एखाद्याची बातमी येते. आम्हाला हे सोसायला वरिष्ठ लागतात, आठवड्याची चर्चा लागते, घरी वेगळे आयुष्य लागते. चौथ्या महिन्यातल्या मुलावर हा भार टाकणे योग्य नाही. आणि ‘सेवा’ म्हणून दोन वेळचे जेवण आणि हातखर्चावर राबवून घेणे हेही योग्य नाही. पुढे तो हे काम करणारच असेल तर नेमणूक लेखी हवी, पगार बँकेत हवा, प्रशिक्षणाचे नाव आणि तारीख ठरलेली हवी. पदवी अर्धवट राहिली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती पूर्ण करावी, नंतर समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जावे. यात तीन-चार वर्षे जातील. त्याचे वय २५ आहे, म्हणजे तो तिशीच्या आतच शिकून तयार होईल. हे त्याला कागदावर मांडून दाखवा.

तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला ती ओळ महत्त्वाची वाटली: घराचा स्लॅब त्याच्याच कमाईतून टाकला गेला. वडील गप्प असण्याचे कारण मला तिथे दिसते. कॅलिफोर्नियात १९२० च्या दशकातील बालनट जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याच्या कमाईतले जवळजवळ काहीच उरले नव्हते, आणि त्यावरून त्याने भरलेल्या खटल्यामुळे १९३९ साली तिथे बालकलाकारांच्या कमाईच्या रक्षणाचा कायदा आला. आपल्याकडे २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी ठरवले की बालकलाकाराच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायचा, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नको, विश्रांतीविना तीन तासांहून जास्त नको, सलग २७ दिवसांहून जास्त नको. तुमच्या भावाने त्याआधी काम केले, त्यामुळे या नियमांचा त्याला उपयोग झाला नाही. वडिलांनी पैसे उडवले असे मी म्हणत नाही; कोरडवाहू शेती असलेल्या घरात आलेला पैसा घरालाच लागणार. पण मुलाने कमावले आणि ते कोणी एकदाही त्याच्यासमोर कबूल केले नाही, ही सल अशा मुलांत फार खोल असते, आणि पिण्याच्या दिवसांत ती शिवीगाळीतून बाहेर पडलेली असते. म्हणून घरचे ती ‘दारूचं बोलणं’ म्हणून सोडून देतात.

तो शुद्धीत असताना वडिलांनी हा हिशेब स्वतःहून काढावा. किती आले, कशाला लागले, घराच्या उताऱ्यावर त्याचे नाव आहे का, नसेल तर ते लावायचे का, हे बसून बोलावे, आणि तुम्ही तिथे हजर राहावे. रोख रक्कम मात्र आत्ता हातात देऊ नये. द्यायचीच असेल तर त्याच्या नावाने मुदत ठेव करावी. हे बोलणे झाले तर व्याख्यानाची हौस निम्मी ओसरेल, असा माझा अंदाज आहे, कारण ज्या दादेसाठी तो अनोळखी सभागृहाकडे पाहतो आहे ती त्याला आधी घरातून हवी आहे.

अभिनयाचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी येईलच. मी त्याला बंदी घालणार नाही. लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर या केंद्रांवर हौशी राज्य नाट्य स्पर्धा होतात, तिथे एखाद्या संघात प्रकाशयोजना, नेपथ्य, नाहीतर छोटी भूमिका करावी. अट एकच: नाटक त्याच्या व्यसनावर नसावे. स्वतःची जखम रोज तालमीत उघडायची आणि तिला प्रतिसाद कसा येतो ते पाहायचे, हे दोन वर्षांनीही जपून करण्याचे काम आहे. दुसऱ्या कोणाचे तरी पात्र त्याने करावे, त्यात त्याचे कसब वापरले जाईल आणि जखम उघडी पडणार नाही. प्रयोगानंतरच्या ‘बसण्या’ला मात्र थांबू नये, संघात हे आधीच सांगून ठेवावे.

आईंना समजावणे भावापेक्षा अवघड जाईल. त्यांनी मुलाचे नाव पेपरात आलेले पाहिले आहे, मग चार लोकांत मान खाली घालणेही पाहिले आहे, आणि आता ते नाव परत येण्याची संधी दिसते आहे. त्यांना दोष देऊ नका. त्यांना विचारा की सकाळी सहाला उठून अंघोळ करून कामावर गेलेला मुलगा त्यांना कसा वाटतो. अल-ॲनॉनची, म्हणजे व्यसनी माणसांच्या घरच्यांची, मीटिंग जवळपास असेल तर एकदा घेऊन जा. तिथे त्यांना त्यांच्यासारख्या आया भेटतील.

हे सगळे सांगूनही तो जायचेच म्हणेल, तर तो सज्ञान आहे, तुम्ही अडवू शकत नाही, आणि भांडून अडवूही नका. तेव्हा निदान एवढे ठरवून घ्या. चित्रफीत नको आणि बॅनरवर फोटो-नाव नको, हे संचालकांना लेखी कळवा. छापून झाले असेल तर दुसरा वक्ता ठरवायला सांगा. मानधन पाकिटातून नको, खात्यावर. कार्यक्रमाला सोबत कोणीतरी घरचे किंवा गटातले असावे, आणि त्याच रात्री तो घरी परतावा. लॉजवर एकटा मुक्काम नको. सभागृहात माणूस सावरलेला असतो, घसरतो तो टाळ्या संपल्यानंतरच्या तासा-दोन तासांत, खोलीचे दार लावल्यावर. त्या वेळी तो कोणाला फोन करणार ते नाव निघण्याआधी ठरलेले असावे.

आणि घसरलाच, तर चार महिने फुकट गेले म्हणू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे न्या. सल्ल्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत. दारू आणि ‘बटण’ एकत्र घेतल्याची शंका आली आणि तो हाका मारूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास संथ वाटत असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ असे घरात कोणीही म्हणू नये. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा आणि गोळ्यांची रिकामी पट्टी सापडली तर ती रुग्णालयात सोबत न्या.